डावीकडे झुकलेल्या ओळी

छेचाळीस-तेराचा जुना जोड काढून
एक्केचाळीस-दहाचा बसवायचा, एवढंच काम.
मेंढ्यांचा ट्रेलर मागे लावला की चढावर
ट्रक अडेल खेचरासारखा उभा राहतो, म्हणून.
शनिवारी जेवणाआधी उरकू,
असं मी भाच्याला म्हणाले होते.
आज मंगळवार.

रुबी डोंगरांवर कोरडा, पिठासारखा बर्फ.
गॅरेजात मागचा अॅक्सल पोट उघडून पडलाय
आणि गिअर तेलाचा तो वास,
गंधकाचा, नासक्या अंड्याचा.
मांजर उंबऱ्यावरूनच परत फिरलं.

उजवं बेअरिंग मुकाट बसलं.
डावं अर्ध्यावर जातं आणि थांबतं.
ठोकलं. आणखी ठोकलं.
मग हात आखडता घेतला, कारण
पोलाद रुसलं तर समजूत निघते,
तडकलं की फक्त बिल निघतं.

खोक्यावरचा नंबर पाहिला. बरोबर.
डावं उचलून उजवीकडे लावून पाहिलं. जातंय.
म्हणजे खोट नव्यात नाही.
जुन्या कण्यावर मायक्रोमीटर धरला
तर इथे एक सांगतो, नखभर पुढे दुसरंच,
उलटतपासणीतल्या साक्षीदारासारखा.

मग बेन्यातने नुसतं नख फिरवलं.
"इझेबा, इथे काहीतरी आहे. खरखरतंय."
बॅटरी तिरकी धरली तेव्हा दिसले:
ठिपके. पंचाने ठोकलेले,
बारीक, दाट, देवीच्या व्रणांसारखे.
प्रत्येकाच्या कडेला धातू उसवून वर आलेला.

"कुठल्या गाढवाने," मी सुरू झाले,
आणि बराच वेळ थांबले नाही.
त्याची अक्कल काढली, त्याचा गुरू काढला,
झिजलेला कणा बदलायचा सोडून
टोचे मारून घट्ट करणारी ती अख्खी जात काढली.
बेन्यात ठिपके मोजत होता.
"ओळी डावीकडे झुकल्यात," तो म्हणाला,
"डावखुरा असणार."

हातोडी माझ्या डाव्या हातात होती.

फेब्रुवारी. सॉल्ट लेकहून पार्ट यायला नऊ दिवस,
रस्ता बंद,
खालच्या तळावर चारशे मेंढ्या विण्याच्या बेतात,
आणि कण्यावर बेअरिंग गरगर फिरतंय,
सैल अंगठीसारखं.
दोमिंगोने बॅटरी धरली होती. त्याचा हात थरथरत होता,
थंडीने, असं तेव्हा वाटलं.
"वसंतापर्यंत टिकलं तरी पुष्कळ," तो म्हणाला.
बावीस वर्षं टिकलं.
तो सहा.

दात आपले, ओठही आपले.
दिलेल्या शिव्या कुठे थुंकणार?
बेन्यात शहाणा. कानस पुढे केली, बोलला काही नाही.

आता सगळी गोम इथे:
ठिपके पार घासले तर पुन्हा सैल,
राहू दिले तर बेअरिंग जात नाही.
नवा कणा मागवावा हे बरोबर. मागवलाही.
पण मेंढ्या शुक्रवारी उतरतात.
म्हणून केसाच्या निम्म्याने शेंडे उतरवले,
पुसलं, मोजलं, पुन्हा एक हात,
बेरेटखालून घाम कानावर येईपर्यंत.

बेअरिंग भट्टीत ठेवलं,
स्वयंपाकघरातल्या, पावाच्या शेजारी नाही, पावाच्या जागी.
पंधरा मिनिटं. जाड हातमोजे. पळत गॅरेजात.
एकदाच, सरळ, न ठोकता.
'टक' असा आवाज आला,
दार नीट लागल्यावर येतो तसा.
थंड होताना त्याने कणा धरला.
हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

क्राउनच्या दातांना पिवळा रंग फासला, फिरवला;
ठसा मधोमध, थोडा टाचेकडे. चालेल.

झाकण बंद करण्याआधी
आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं:
डाव्या कण्यावर ठिपके आहेत.
घाईत मारलेत. शिव्या देऊन झाल्यात.
बेन्यातने खाली तारीख घातली, उजव्या हाताने.

आठवडाभर पावाला गंधकाचा वास होता.
खाल्ला.